चुनेरहून त्वेरला

दिवस पहिला, गुरुवार, २० जून २०२४

दादाला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही कुठल्याही गाडीत चढण्याआधी तो वाकून खाली बघतो. मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्टेशनात आमची ‘लास्तच्का’ लागली होती. लास्तच्का म्हणजे भिंगरी, तो पक्षी. दादा फलाटावर उकिडवा बसून तिची चाकं न्याहाळत होता आणि दारातली बाई आमचे पासपोर्ट हातात धरून त्याच्याकडे बघत होती. काय हरवलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हे त्यांचं देवदर्शन आहे. माझ्या मोडक्या रशियनमध्ये त्याचं काय झालं देव जाणे, पण ती हसली आणि आम्हाला आत घेतलं.

हे मोडकं रशियन पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधलं, १९८६ सालचं. त्या काळात सोव्हिएत पुस्तकं पाच-दहा रुपयांत मिळायची, जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची. पुण्यातली निम्मी पोरं त्या पुस्तकांच्या नादानं रशियन शिकायला यायची. मीही तशीच. एकदा सरांनी एका जुन्या रशियन व्यापाऱ्याच्या टिपणांतला उतारा वाचायला दिला. त्यात ‘चुनेर’ असा शब्द आला. सर म्हणाले, काय गं, स्वतःचं गाव ओळखता येत नाही होय? मी जुन्नरची. चुनेर म्हणजे जुन्नर.

तो व्यापारी अफनासी निकितिन, गाव त्वेर. पंधराव्या शतकात तो व्होल्गेतून माल घेऊन निघाला. आस्त्राखानजवळ लुटला गेला. हात हलवत परत जाण्यापेक्षा पुढं गेलेलं बरं म्हणून देर्बेंत, बाकू, इराण, होर्मुझ असं करत करत एक घोडा विकत घेतला आणि तो गलबतात घालून चौलला उतरला. चौल त्याच्या लेखी ‘चिविल’. तिथून पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा, आणि तिथून पुढं चुनेर. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे ही त्याच्याही आधीची, पाव शतकाहून जुनी गोष्ट. त्याच्या टिपणांना ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ म्हणतात. पावसाळ्यातले दोन महिने त्यानं आमच्या गावात काढले. म्हटलं, आता आपण चार दिवस त्याच्या गावात काढू. दादाला विचारलं तर त्याचा एकच प्रश्न होता, तिकडं गाड्या कुठल्या असतात?

व्हिसा घरबसल्या मिळाला, सोळा दिवसांचा ई-व्हिसा. अडचण पैशांची. आपली कार्डं तिकडं चालत नाहीत, म्हणून डॉलर नेले आणि मॉस्कोत बदलून घेतले. पैसे पोटाशी बांधून फिरायचं, वारीला निघाल्यासारखं.

मॉस्को ते त्वेर १७० किलोमीटरच्या आसपास, गाडीला दीड-पावणेदोन तास. क्लिन गेलं, चायकोव्स्कीचं घर असलेलं गाव. मग बर्च, बर्च आणि बर्च. मध्येच दोन्ही बाजूंना पाणी आलं आणि गाडी जणू धरणाच्या भिंतीवरून धावू लागली. हा व्होल्गेवरच्या धरणाचा फुगवटा, याला लोक ‘मॉस्कोचा समुद्र’ म्हणतात. माणिकडोह भरला की आमच्याकडंही काठावरच्या शेतांत असंच पाणी शिरतं, पण त्याला कुणी समुद्र म्हणत नाही.

त्वेर स्टेशनातून बाहेर पडलो तर निळ्या बसेसची रांग. दादा खूश. इथं पूर्वी ट्राम होत्या, त्या २०१८ मध्ये बंद पडल्या. दोन वर्षांनी ट्रॉलीबसही गेल्या. आता नव्या बसेस. हॉटेल छोटं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट ठेवून घेतले आणि नोंदणीचे कागद भरत बसली. गाव विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होते.

संध्याकाळ म्हणावी तर सूर्य डोक्यावर. रात्री साडेनऊला आम्ही शहर बागेत गेलो तेव्हा लख्ख उजेड होता आणि हवेत कापूस उडत होता. खरोखर कापूस, इथल्या पॉप्लर झाडांची बोंडं जूनमध्ये फुटतात. सावरीच्या झाडाखाली चैत्रात असतं तसं, फक्त साऱ्या शहरात. नाकात, चहात, दादाच्या मिशीत. बाग संपली आणि खाली नदी.

खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मी थोडी खट्टू झाले. व्होल्गा म्हणजे क्षितिजापर्यंत पाणी, असं मनात होतं. पण हिचा उगम याच प्रांतात आहे, व्होल्गोवेर्खोव्ये नावाच्या गावच्या झऱ्यात, आणि इथून कॅस्पियनपर्यंत तिला अजून बरंच अंतर कापायचंय. सगळी लांबी ३,५३० किलोमीटर. त्वेरमध्ये ती अजून माहेरवाशीण आहे. रशियन लोक तिला ‘मातुश्का’ म्हणतात, आपण कृष्णामाई म्हणतो तसं.

पलीकडच्या काठावर उतरत्या उन्हात एक काळी आकृती दिसत होती. उंच, लांब अंगरखा घातलेली. “तोच का गं?” दादानं विचारलं. तोच. आज नको, उद्या जाऊ, असं मी म्हटलं. डासही फार होते.

दिवस दुसरा, शुक्रवार

जुन्या पुलावरून चालत गेलो. हा लोखंडी पूल १९०० मध्ये पुरा झाला, दोन उंच खांब आणि मध्ये झोळी पडावी तशी कमान. पुढं दिसणाऱ्या दुसऱ्या, नव्या पुलाची गोष्ट दादाला जास्त आवडली. तो १९५६ चा, पण त्याचे लोखंडी गाळे सेकंडहँड: लेनिनग्राडमध्ये नेवा नदीवरचा जुना पूल उतरवला, त्याचे गाळे इथं आणून बसवले. “म्हणजे आपल्या वर्कशॉपसारखंच,” दादा म्हणाला. “इंजिन नाशिकचं, सांगाडा नगरचा, आणि गाडी धावतीय जुन्नर-कल्याण.”

पुतळा १९५५ चा. निकितिन एका होडीवर उभा आहे आणि होडीच्या नाळेला घोड्याचं डोकं आहे. शिल्पकारांनी जुन्या रशियन होड्यांच्या पद्धतीनं केलंय ते, पण आम्ही दोघं त्या घोड्याकडेच बघत उभे राहिलो.

या पुतळ्याबद्दल त्वेरमध्ये एक आख्यायिका सांगतात. त्या वर्षी पंडित नेहरू सोव्हिएत दौऱ्यावर आले होते. त्यांनी ख्रुश्चेव्हना विचारलं म्हणे, भारतात आलेल्या तुमच्या पहिल्या माणसाचं स्मारक कुठंय? ख्रुश्चेव्ह म्हणाले, आहे की, त्वेरला. आणि मग फोन गेले, धावपळ झाली, पुतळा उभा राहिला. खरं असेल-नसेल. मला तर हे आपल्याकडच्या मंत्र्यांच्या दौऱ्याआधी रस्त्यावर रातोरात डांबर पडतं तसंच वाटलं, आणि म्हणून पटलंही.

चौथऱ्यावर लिहिलंय, की हा धाडसी रशियन प्रवासी ‘मैत्रीच्या हेतूनं’ भारतात पोचला, त्याच्या स्मरणार्थ. मी दादाला अर्थ सांगितला. तो म्हणाला, “मैत्रीच्या कशाला? घोडा विकायला आला होता ना?”

आला होता घोडाच विकायला. त्या वेळी बहामनी राज्यात घोड्याला सोन्याचा भाव होता, कारण इकडं चांगले घोडे पैदा होत नाहीत, हे त्यानंच लिहून ठेवलंय. जुन्नरपर्यंत तो घोडा आणायला शंभर रुबल खर्च आला, हेही लिहिलंय. व्यापारी माणूस, हिशेब सोडत नाही. आणि जुन्नरला घोळ झाला. जुन्नरचा सुभेदार असदखान. त्याला कळलं की हा पाहुणा मुसलमान नाही, रशियन आहे. घोडा जप्त. मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही झालास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तुझ्या डोक्यावर. मुदत चार दिवसांची. ऐन वेळी महंमद नावाचा एक खुरासानी ख्वाजा तिथं आला, निकितिन त्याच्या पाया पडला, त्यानं खानाकडं शब्द टाकला आणि घोडाही सुटला, धर्मही. या प्रसंगानंतर तो आपल्या रशियन भावांना लिहितो, की हिंदच्या भूमीवर जायचं असेल तर धर्म रशियातच ठेवून जा.

शाळेत भूगोलाबरोबर इतिहासही शिकवताना मी हे पोरांना सांगायचे, तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, “बाई, घोड्याचं पुढं काय झालं?” विकला, बिदरला नेऊन. तोवर त्याला पोसत होता. इकडं घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तूप घालून ‘किचिरी’ शिजवून देतात, हे त्यानं मोठ्या नवलानं नोंदवलंय. खिचडी रशियन भाषेत पहिल्यांदा गेली ती घोड्याच्या तोंडून.

जुन्नरच्या डोंगरावरच्या गावाबद्दल तो लिहितो, की ते दगडाच्या बेटावर आहे, कुणी बांधलेलं नाही, देवानंच घडवलंय. वर चढायला दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जातो. जुन्नरकराला हे वाचताना शिवनेरी सोडून दुसरं काय दिसणार? महाराजांचा जन्म व्हायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती.

आमच्या मागे कुणी आलं नाही, हे मुद्दाम सांगते. कारण निकितिनच्या मागे गोऱ्या माणसाचं नवल करत गावंच्या गावं यायची. त्वेरमध्ये मेडिकल विद्यापीठ आहे, तिथं कित्येक वर्षं भारतातली पोरं शिकतायत. आमचे चेहरे त्यांना नवीन नाहीत. पुतळ्याखाली गळ टाकून बसलेल्या आजोबांनी फक्त मान वर केली, “इंदिया?” म्हणाले, अंगठ्यानं मागचा अफनासी दाखवला आणि परत पाण्याकडे बघू लागले.

काठाकाठानं पुढं गेलो, जिथं त्वेर्त्सा नदी व्होल्गेला मिळते. या संगमावर ओत्रोच मठ होता. इव्हान द टेरिबलला तोंडावर बोलणारा मॉस्कोचा धर्मगुरू फिलिप इथं कैदेत होता आणि १५६९ मध्ये झारच्या माणसानं इथंच त्याचा जीव घेतला. मठाचं एक मंदिर तेवढं उरलंय. बाकीच्या जागेवर १९३८ मध्ये नदीबंदराची देखणी इमारत बांधली, खांबांची, शिखराची. तिचाही भाग २०१७ मध्ये कोसळला. आम्ही कुंपणाआडूनच पाहिली. निकितिन निघाला तेव्हाही त्वेरचे व्यापारी आधी देवाला नमस्कार करून नावेत बसत. त्याची टिपणं त्याच नमस्कारानं सुरू होतात.

दुपारी राजवाडा. पीटर्सबर्गहून मॉस्कोला जाताना राजघराण्यानं मुक्काम करावा म्हणून बांधलेला, त्याला ‘वाटेवरचा वाडा’च म्हणतात. १७६३ मध्ये त्वेर जळून खाक झालं, तेव्हा दुसऱ्या कॅथरीननं शहर नव्यानं वसवलं. सरळ रस्ते, एका चौकातून त्रिशूळासारखे फुटलेले. वाडाही तेव्हाचा. १८११ मध्ये इतिहासकार करमझिननं झार अलेक्झांडरला आपला रशियाचा इतिहास इथं वाचून दाखवला. आता चित्रसंग्रहालय आहे. वेनेत्सियानोव्हची शेतकऱ्यांची चित्रं मला आवडली, दादाला बसायला खुर्ची आवडली.

जेवण एका स्तलोवायात, म्हणजे खाणावळीत. ट्रे घ्यायचा, सरकत जायचं, बोट दाखवायचं. मी अक्रोश्का घेतली, थंड सूप. काकडी, मुळा, बटाटा, अंडं, वरून आंबूस क्वास. उन्हाळ्यात झकास लागते. दादाच्या मते ते फसलेलं ताक. पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. शेपू. बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, मासळीवर शेपू. आईनं लहानपणी हा माणूस मार देऊनही शेपू खायला शिकवला नव्हता, आणि आता साठी उलटल्यावर रशियानं गाठलं. तो ताटलीतून एक एक काडी निवडत बडबडत होता, तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, “काका, बेझ उक्रोपा म्हणायचं. शेपूशिवाय.”

लातूरकडचा पोरगा. मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. परीक्षा चालू, डोळे तांबारलेले. दहा मिनिटांत त्यानं मला मावशी केलं, आणि उद्या पोहे खायला या म्हणाला. पोहे लातूरहून आलेले, मसाला आईनं कुटलेला.

दिवस तिसरा, शनिवार

२२ जून. १९४१ मध्ये याच तारखेला जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला. सकाळी त्माका नदी व्होल्गेला मिळते त्या टोकावरच्या विजयस्तंभाशी गेलो, तर ज्योतीपाशी फुलांचे ढीग पडले होते. त्या वेळी या शहराचं नाव कालिनिन होतं. १९३१ ते १९९० ते तसंच राहिलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन आत शिरले, १६ डिसेंबरला त्यांना हुसकून लावलं. दोनच महिने, पण म्हाताऱ्या बाया ज्या पद्धतीनं फुलं ठेवत होत्या त्यावरून दोन महिने वाटत नव्हते. यंदा योगायोगानं त्यांच्या पंचांगातला पितरांचा शनिवारही आजच होता. आपल्या सर्वपित्रीसारखाच, स्मशानात जाऊन आपल्या माणसांची आठवण करण्याचा दिवस.

पोहे झकास झाले होते. होस्टेलवर बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून पोरानं डबा बाहेर आणला आणि आम्ही बाकावर बसून खाल्ले. मी त्याला म्हटलं, मला गिरणीचा भाग बघायचाय. तो चकित. “तिकडं कोण जातं मावशी?”

आम्ही जातो. आमचा मामा लालबागच्या चाळीत राहायचा. जुन्नर, आंबेगाव, खेडची किती माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती याची गणती नाही. दर दिवाळीला मामा यायचा, धोतरजोडी आणि गिरणीचं कापड घेऊन. १९८२ च्या संपानंतर कायमचाच आला आणि मग ओट्यावर बसून राहिला.

त्वेरची गिरणी मोरोझोव्ह या कापड व्यापारी घराण्याची, एकोणिसाव्या शतकातली. क्रांतीनंतर तिचं नाव झालं ‘प्रोलेतार्का’. कापूस रशियात पिकत नाही, तो बाहेरून यायचा; माणसं मात्र आजूबाजूच्या खेड्यांतून. त्यांच्यासाठी मालकांनी लाल विटांच्या प्रचंड इमारती बांधल्या. त्यांना ‘कझार्मा’ म्हणतात, म्हणजे बराक. मी सरळ चाळ म्हणते. लांबच लांब अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका खोलीत एक बिऱ्हाड, कधी दोन. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक. संडास टोकाला. त्यांतल्या एका इमारतीला लोकांनी कधीतरी ‘पॅरिस’ नाव ठेवलंय, बुरूजासारखे जिने आहेत म्हणून असेल, किंवा थट्टा म्हणून. आमच्या मामाच्या चाळीतही एका संडासाला ‘ताजमहाल’ म्हणत.

काही इमारती ओस पडल्यात, खिडक्यांतून झाडं उगवलीत. काहींत अजून माणसं राहतात. एक बाई बादली घेऊन पायऱ्या उतरत होती. आम्हाला पाहून थांबली. फोटो काढायला आलात ना, काढा, असं वैतागून म्हणाली. मी म्हटलं, नाही, माझा मामा अशाच घरात राहायचा, भारतात, कापडाच्या गिरणीत होता. तिनं बादली खाली ठेवली. किती माणसं होता खोलीत, असा तिचा पहिला प्रश्न. अकरा, मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, आम्ही सात. आईच्या वेळी नऊ.

मग तिनं आम्हाला बोळ दाखवला. जिन्याच्या लोखंडी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. कोबी शिजल्याचा वास. भिंतीला लटकवलेली मुलांची सायकल. दादा एकही शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर त्यानं फक्त विचारलं, “मामाच्या चाळीचं काय झालं शेवटी?” टॉवर झाला, मी म्हटलं. त्याला माहीत होतं ते.

लातूरच्या पोरानं परतीच्या बसमध्ये विचारलं, “मावशी, हे मला चार वर्षांत कसं दिसलं नाही?” परीक्षा आहे बाळा तुझी, मी म्हटलं, अभ्यास कर.

दिवस चौथा, रविवार

आज त्रोईत्सा, त्रैक्याचा म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा सण. आम्ही तारीख बघून आलो नव्हतो. ऑर्थोडॉक्स ईस्टर यंदा ५ मेला होता, आणि त्रोईत्सा येते त्यानंतर सात आठवड्यांनी. त्माकेपलीकडच्या जुन्या वस्तीत ‘पांढरं त्रैक्य’ नावाचं चर्च आहे, १५६४ चं, शहरातली सगळ्यात जुनी दगडी वास्तू. आज त्याचीच जत्रा म्हणायची.

दारातच अडलो. दादानं गांधी टोपी घातली होती. एका आजीबाईंनी त्याला खुणेनं सांगितलं, टोपी काढा. दादा गोंधळला. “देवळात टोपी काढायची? आपल्याकडं नसली तर शोधून घालतात!” आणि मला मात्र ओढणी डोक्यावर घ्यायला लावली. टोपी हातात धरलेला दादा मला आमच्या लग्नातल्या वरबापासारखा दिसू लागला.

आत पाऊल टाकलं आणि ओल्या गवताचा वास आला. साऱ्या फरशीवर कापलेलं गवत अंथरलेलं, खांबांना आणि चित्रांना बर्चच्या हिरव्या डहाळ्या बांधलेल्या. पुजाऱ्यांचे झगे हिरवे. बायांच्या हातांत रानफुलांचे गुच्छ. पाऊल टाकलं की गवत चुरगळून वास वर येई. आमच्याकडं पोळ्याला गोठ्यात असा वास येतो.

मला निकितिन आठवला, आणि या वेळी घोड्यासकट नाही. आस्त्राखानला लुटलं तेव्हा त्याची धर्माची पुस्तकंही गेली. मग ईस्टर कधी, उपवास कधी सुरू करायचा, काहीच कळेना. चांदण्यांवरून अंदाज करायचा. मुसलमानांबरोबर त्यांचे रोजे धरायचा, कारण आपल्या उपवासाची तारीख हातून निसटलेली. पानोपानी हा घोर आहे. मिरी, हिरे, हत्ती सगळं सांगून होतं आणि मध्येच तो रडतो की मला सणांचा पत्ता नाही. आणि शेवटी शेवटी तर प्रार्थनाच रशियन, तुर्की, फारसी, अरबी अशी कालवलेली.

तरी एका ठिकाणी त्यानं तारीख लावलीय. इकडं ‘हिवाळा’ त्रोईत्साला लागला, असं तो लिहितो. हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. त्याला दुसरा शब्द सुचला नसावा. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच चिखलात माणसं नांगरतात, पेरतात. चुनेरमधला चिखल. म्हणजे आजच्यासारख्या दिवशी तो आमच्या गावात बहुतेक एखाद्या धर्मशाळेच्या पडवीत, घोडा सांभाळत, बाहेर पाऊस बघत बसला असेल, आणि इथं गवत अंथरलं जात असेल.

घरी तो पोचला नाही. दाभोळहून निघाला, होर्मुझ, ट्रेबिझोंड, काळा समुद्र ओलांडून काफाला आला, आणि स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच वारला. टिपणं कुणीतरी मॉस्कोला पोचवली, १४७५ मध्ये. दहा वर्षांनी त्वेरचं स्वतंत्र राज्यही मॉस्कोनं गिळलं. तो परत आला असता तरी त्याला त्याचं त्वेर फार दिवस मिळालं नसतं.

मेणबत्त्यांच्या खिडकीपाशी लोक चिठ्ठ्यांवर मेलेल्यांची नावं लिहून देत होते. मीही एक चिठ्ठी घेतली. वळणदार रशियन अक्षरात लिहिलं: अफनासी. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. “नातेवाईक?”

“नाही. आमच्या गावी पाहुणा होता.”

दादा मागून पुटपुटला, “पाहुण्याचा घोडा जप्त केला, हेही सांग.”

दिवस पाचवा, सोमवार

बसनं तोर्झोक, साठेक किलोमीटर. थोडक्यात सांगते, कारण दिवस मुख्यतः खाण्यात गेला. त्वेर्त्साच्या दोन्ही काठांवर चढउतारावर वसलेलं गाव, मोजता येणार नाहीत इतकी चर्च, त्यांतली निम्मी पडकी. इथलं सोनेरी भरतकाम नावाजलेलं आहे. मी तासभर बघत बसले. सोन्याची तार कापडातून ओवत नाहीत. वर मांडतात आणि साध्या दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी बांधून टाकतात, म्हणजे सगळं सोनं दर्शनी बाजूला राहतं. आपल्याकडच्या जरदोजीचीच बहीण. पोझार्स्की कटलेटही इथलंच. पुश्किननं एका मित्राला सल्ला दिला होता, की तोर्झोकला थांबून ते तळलेलं कटलेट खा आणि मग हलक्या अंगानं पुढच्या प्रवासाला लाग. दादानं दोन खाल्ली, बेझ उक्रोपा. आता तो हे दोन शब्द इतक्या झोकात म्हणतो की वाढणारी बाई त्याच्याशी घडाघडा रशियन बोलायला लागते.

दिवस सहावा, मंगळवार

गाडी दुपारची. सकाळी बॅगा हॉटेलात ठेवून पुन्हा पुतळ्याशी गेलो. तेच आजोबा, तीच गळाची काठी. या वेळी त्यांनी थोडं सरकून दादाला दगडावर जागा दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण आजोबांनी गळाचा फिरता रहाट दाखवला, दादानं तो खोलून बघितला, खिशातला रुमाल काढून पुसला, पुन्हा बसवला. रहाट आधीपेक्षा हलका फिरायला लागला. आजोबांनी तो तीन-चार वेळा उगाच फिरवून पाहिला.

साडेदहा वाजता वहिनीचा फोन आला. तिकडं एक वाजला होता. मोटरची किल्ली कुठं ठेवलीय हे दादाला विचारायचं होतं. मोटर आता लागणार नाही, दादा म्हणाला, पाऊस आहे का? आहे ना, वहिनी म्हणाली, परवापासनं लागलाय, अंगणात पाय ठेववत नाही, पोरांच्या चपला रुतून बसल्या.

दादानं फोन खिशात टाकला. वर बघितलं, होडीवर उभ्या असलेल्या माणसाकडं.

“चुनेरला चिखल झालाय,” त्यानं त्याला मराठीत सांगितलं. आजोबांनी मान डोलावली आणि गळ पाण्यात टाकला.